ऑपरेटर खांब

"ऑपरेटर खांब, ऑपरेटर खांब, चलो एक सीट," रिक्षावाला ओरडला आणि रिक्षात टाकलेला राजनंदिनीचा पाय क्षणभर तसाच राहिला. बोईसर स्टेशनच्या पूर्वेला चिल्हार रस्त्याच्या रिक्षा लागतात, तिथं ती वर्षभर येत होती. बेहडपाड्याला जायचं असलं की "खाणीपाशी सोडा" म्हणायची आणि रिक्षावालेही निमूटपणे खाणीपाशी सोडायचे. आता त्या जागेला नाव पडलं होतं. कुणी पाडलं, कधी पाडलं, काही पत्ता नाही. चौकाला नाव द्यायचं तर मंडप घालतात, नारळ फोडतात, आधी कुणाचं नाव म्हणून भांडतात. हे आपलं एका सीटसाठी घसा कोरडा करता करता पडलेलं. खरं तर तिला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण ज्या ऑपरेटरचा तो खांब होता तो रात्रपाळी करून आलेला, या वेळी सरावलीच्या खोलीत पंख्याखाली पालथा पडून घोरत असणार होता. तो तिचा बाप होता.

ती मागच्या सीटवर कडेला बसली. मधे निळ्या शर्टातला एक कंपनी कामगार होता, नवाच आलेला दिसत होता, त्यानं हिंदीत विचारलं की हा खांब म्हणजे विजेचा का. रिक्षावाल्याला तेवढंच पुरे झालं. रस्त्याच्या भरावासाठी अख्खी टेकडी खणून नेली, टेकडीच्या डोक्यावर पाड्याचा वाघोबा होता, ठेकेदार म्हणाला बाजूला कर तो दगड आणि ऑपरेटरनं पोकलेन मशिन बंद करून चावी गवतात भिरकावली. म्हणाला, आता तूच खण. रिक्षावाल्याच्या गोष्टीत ऑपरेटरच्या स्वप्नात वाघ येऊन गेला होता आणि ठेकेदार आठवडाभर तापानं फणफणला होता. कामगार "अच्छा, अच्छा" करत राहिला. राजनंदिनी बाहेर बघत राहिली. खरं काय ते तिला ठाऊक होतं. आण्णांनी चावी भिरकावली नव्हती, डब्याच्या पिशवीत टाकली होती आणि पिशवी मांडीवर घेऊन बेहड्याच्या झाडाखाली शांतपणे भाकरी खाल्ली होती. वाघबिघ काही नाही. "जेवताना मान वर केली तर त्यो दगुड माझ्याकडंच बघत हुता," एवढंच घरी आल्यावर म्हणाले होते. मग ठेकेदाराशी हुज्जत घालून त्यांनी देव, झाड आणि भोवतीची खोलीएवढी जागा सोडून चहूबाजूंनी खणलं. सोडलेली जागा उंच होत गेली. म्हणजे ती होती तिथंच होती, भोवतालचं सगळं खाली गेलं. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला ती उगवून आल्यासारखीच वाटते. "तो ऑपरेटर माझे आण्णा," हे वाक्य तिच्या जिभेवर आलं, आणि ते म्हटलं तर रिक्षावाला कदाचित भाडंही घेणार नाही असं वाटून तिला एकदम लाज वाटली. तिनं ते वाक्य सोडून दिलं आणि पिशवी सावरली. मांडीवरच्या पिशवीत पट्टी, टॉर्च, प्लास्टरची पुडी आणि प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या काचेच्या चपट्या पट्ट्या होत्या. आपण हा खांब पडणार की नाही ते बघायला चाललो आहोत, हे त्या गोष्टीत कुठं बसवायचं ते तिला कळेना.

विद्यापीठातल्या तिच्या अभ्यासक्रमाचं नाव एका दमात उच्चारता येत नाही. पर्यावरणाची जबाबदारी ओळखून खाणकाम आणि साधनसंपत्तीचा विकास. प्रवेश मिळाला त्या दिवशी तिनं ते आण्णांना दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा ऐकून ते म्हणाले होते, "म्हंजी खणायचंच ना?" ती म्हणाली, हो, पण नीट. "मग मी काय वाकडं खणतो?" आई हसून हसून बेजार झाली आणि तीही हसली, पण प्रश्न काही हसून संपणारा नव्हता. करमाळ्याकडून हे कुटुंब इथं आलं तेव्हा ती बालवाडीतही नव्हती. तेव्हापासून आण्णा पोकलेन चालवत आले. पालघरपासून पार डोंगरपट्ट्यापर्यंत. कॉलेजला असताना बसच्या खिडकीतून अर्धी कापलेली टेकडी दिसली, लालभडक, वर गवताची झालर तशीच लोंबणारी, की तिच्या मनात पहिला विचार यायचा, ही आण्णांची असेल का. धंद्याची लाज तिला कधी वाटली नव्हती. त्या धंद्यावर ती वाढली होती, आई दर रविवारी त्यांची पँट भिजवायची तेव्हा बादलीतलं पाणी तांबडं व्हायचं आणि तो रंग तिला घरचाच वाटायचा. पण त्या कापलेल्या टेकड्यांची लाज वाटायची, आणि ही लाज तिनं आण्णांपुढे कधी बोलून दाखवली नव्हती, कारण बोलून दाखवायची तर मग खोलीतला पंखा, गॅस, तिचे बूट, सगळ्याचंच काय करायचं हा प्रश्न आला असता. चारुता मॅडमनी पहिल्या तासाला नेमकं हेच केलं होतं. ज्यांना खाण नको आहे त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवून वर्गाबाहेर जावं, असं म्हणून त्या थांबल्या. कुणी उठलं नाही. मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, म्हणजे आता आपण सगळे एकाच बाजूचे आहोत, तर कामाला लागू. राजनंदिनीला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं होतं की वसतिगृहावर जाऊन ती थोडी रडली. वरची सुपीक माती आधी वेगळी काढून ठेवायची, कडा उभी न ठेवता पायऱ्या पाडायच्या, पाणी कुठं जाणार ते खणण्याआधी ठरवायचं, आणि खणून झाल्यावर जागा कुणाच्या उपयोगाची करून द्यायची ते त्या जागेवरच्या माणसांना विचारायचं. खणणं आणि लुटणं यांच्यात अंतर आहे आणि ते मोजता येतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी खाण निवडायची वेळ आली तेव्हा तिनं बेहडपाड्याची निवडली. खाण बंद करण्याचा आराखडा. कारण विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, घरापासून जवळ आहे. तेही खोटं नव्हतं.

मॅडमना खांबाचा फोटो फार आवडला होता. बघा, म्हणाल्या, एका माणसानं कुठलाही नियम नसताना हे केलं. तुझ्या प्रबंधाची सुरुवात इथून कर. तिनं केली. पहिलं प्रकरण तिनं इतक्या उमाळ्यानं लिहिलं होतं की मॅडमनी दोन विशेषणं खोडायला लावली. त्यात "यंत्रचालक" असा शब्द होता. नाव नव्हतं. मग मोजमापं सुरू झाली आणि पहिल्या प्रकरणाशी दुसऱ्याचं पटेना. मुरूम म्हणजे कुजलेला कातळ. कोरडा असेतो ताठ उभा राहतो, भिजला की सुटतो. चारी बाजूंनी उभा कापलेला, डोक्यावर एवढ्या झाडाचा भार आणि गेले दोन पावसाळे अंगावर घेतलेले. पश्चिमेकडं, रस्त्याच्या बाजूला, वर माथ्यावर कडेला समांतर अशी एक भेग होती, हाताची बोटं जातील एवढी. भेग जुनी आणि मेलेली आहे की अजून चालते आहे, हे नुसतं बघून कळत नाही. त्याला साधा उपाय असतो: भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवायची. काच ताणली जात नाही. जमीन केसभर हलली तरी ती तुटते. मागच्या महिन्यात तिनं अशा तीन पट्ट्या लावल्या होत्या.

रिक्षा थांबली ती खांबाच्या सावलीतच. हेही नवीन होतं. खाणीच्या सपाट तळावर दुसरं झाडझुडूप नाही, रस्त्याला लागून तेवढी एकच सावली, म्हणून रिक्षावाल्यांनी थांबा तिथं आणला होता. दोन रिक्षा उभ्या होत्या, एकीत चालक पाय बाहेर काढून झोपला होता, करवंदांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या आणि कुणीतरी खांबाच्या अंगालाच सायकल टेकवून ठेवली होती. राजनंदिनी वर चढली. आण्णांनी बकेटच्या दातांनी खांबाच्या अंगावर एक उतार कोरून ठेवला होता, पाड्याच्या लोकांना देवाकडं जाता यावं म्हणून, आणि त्याची कड आता पावसानं खाल्ली होती. वर बेहड्याला कोवळी पानं फुटलेली. खाली शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड, समोर वाळलेलं फूल. तिन्ही काचा तुटलेल्या होत्या. एकीचे दोन तुकडे एकमेकांपासून इतके दूर गेले होते की मधे तिची करंगळी मावली. ती खाली बसली. वारा होता, समुद्राकडून येणारा, दमट. खाली सायकल टेकवलेली दिसत होती. तिच्या मनात आलं ते हे, की काचा काढून घ्याव्यात. नव्या लावाव्यात, महिनाभर थांबावं, तोवर पाऊस येईल आणि मग जे व्हायचं ते आपल्या सांगण्यावाचून होईल. हा विचार किती सहज आला याची तिला भीती वाटली. तिनं फोटो काढले, तुकडे कागदात गुंडाळले आणि उतरताना पहिल्यांदाच बाजूची माती हातानं धरून धरून उतरली.

खाली जिवली बसली होती. पाड्यात पहिल्यांदा राजनंदिनीशी बोललेली आणि पाणी दिलेली बाई ती हीच. पन्नाशीची, गुडघ्यांनी हैराण, तोंडानं धारदार. करवंदं बोईसरला न्यायला रिक्षा भरायची वाट बघत होती. तिनं विचारलं, काय म्हणतो देव? राजनंदिनीनं कागद उलगडून काचा दाखवल्या आणि जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं, की पावसात हा खांब पडेल आणि पडेल तो याच बाजूला. जिवलीनं काच हातात घेतली, उन्हात धरून बघितली. तिला राग आला होता, पण खांबाचा नाही. वाघोबाच्या पूजेला, वाघबारसेला, दोन वर्षं ती खालीच उभी राहिली होती; तरणी पोरं वर जाऊन नारळ फोडून येतात आणि म्हातारी माणसं खालून हात जोडतात. आधी टेकडीवर बैलसुद्धा रमतगमत चढायचे. "त्या ऑपरेटरनं देव ठेवला, चांगला केला," ती म्हणाली. "पण आमाला इचारला नाय. आता देव वर नि आमी खाली. सगली त्याला पुण्यवान म्हनतात. माजे गुडघं कोन बघतो?" राजनंदिनीला हसू आलं आणि त्याच वेळी कानशिलं तापली. वर्षभर ती या बाईच्या ओट्यावर बसून पाणी प्याली होती, पेज प्याली होती, आणि आपण कुणाची मुलगी हे सांगायची वेळ कधी आलीच नाही असं स्वतःला समजावत आली होती. आपल्या आराखड्यातही पाड्याला विचारायचं प्रकरण शेवटी होतं, हे तिला आठवलं. आधी मोजमापं, मग चित्रं, मग माणसं. बाप तशी लेक. तिनं जिवलीला म्हटलं, मी आज प्रबंधात काही लिहिणार नाही; आधी पाड्याला सांगू.

सांगितलं तेव्हा दोन तट पडले, पडणारच होते. देव हलवायचाच असला तर वाघबारसेला हलवावा, असं एक बाजू म्हणाली. पण वाघबारस दिवाळीच्या तोंडाशी येते आणि मधे सगळा पावसाळा. दुसरी बाजू म्हणाली, पडला तर देवाच्या मनात असेल तसं होईल. कुणी म्हणालं, टेकडी गेली तेव्हा कोण आलं होतं विचारायला, आता कशाला विचारता? शेवटी देवाचा कौल घ्यायला बुधा भगतानं सुपात तांदूळ घेतले. तो बराच वेळ दाणे बाजूला सारत राहिला, मधेच काहीतरी पुटपुटला, पुन्हा सारले. राजनंदिनी जिवलीच्या बाजूला मांडी घालून बसली होती. काचेच्या तीन पट्ट्या आणि हे दाणे एकच सांगोत, असं तिला मनापासून वाटत होतं. बुधा म्हणाला, "देव उतरतो म्हनतो. पण ज्यानं वर ठेवला त्यानं उतरवावा. दुसऱ्याचा हात नको." मग चर्चा निघाली की तो ऑपरेटर कोण, कुठला, आता कुठल्या जिल्ह्यात असेल. नाव कुणालाच माहीत नव्हतं. ठेकेदार बदलला होता. जिवली तिच्याकडं वळून म्हणाली की तू शिकलेली आहेस, कचेऱ्यांत जातेस, एवढा माणूस शोधून दे. सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली होती. हे वाक्य रिक्षात म्हणायचं राहिलं होतं ते बरंच झालं, असं तिला वाटलं; तिथं ते फुकटच्या मानासाठी म्हटलं गेलं असतं.

"तो माझा बाप आहे," ती म्हणाली. "कैलास नाव. सरावलीला राहतो."

मागं कुणीतरी हलक्या आवाजात, तिला ऐकू यावं म्हणून नाही तर आपसूक, म्हणालं, "डोंगर खानारा." ते खरं होतं. पुण्यवान हेही खरं होतं, आणि दोन्ही एकाच माणसाबद्दल, जो रविवारी तिच्यासाठी जिलबी आणायचा. जिवलीनं तिच्याकडं पुष्कळ वेळ बघितलं. "वरीसभर माज्याकडं पानी प्यालीस नि सांगला नाय," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि परत आली ती पाण्याचा तांब्या घेऊनच. राजनंदिनीनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि पाणी पिता पिता तिला ठसका लागला.

घरी जेवताना फारसं बोलायची पद्धत नव्हती. इंजिनाशेजारी आयुष्य काढून आण्णांना कमी ऐकू यायचं, म्हणून लहानपणापासून ताटावर हातांनीच बोलणं चालायचं. तळवा वर करून बोटं हलवली की आणखी वाढ. तळवा खाली की हळू, थोडंच. मूठ मिटली की बस्स, थांब. या खुणा त्यांनी कामावरून आणल्या होत्या आणि ती पहिलीत असताना तिला खेळ म्हणून शिकवल्या होत्या. उंबऱ्यात उभं राहून ती इशारे करायची आणि आण्णा खोलीभर हात बकेटसारखा फिरवत तिच्या बाहुल्या उचलायचे. "मशीनवरच्या मानसाला पलीकडचं दिसत न्हाई," ते सांगायचे. "त्यानं खालच्याच्या हातावर भरवसा ठेवायचा. मूठ दिसली की थांबायचं. का म्हनून इचारायचं न्हाई." तो खेळ तिला इतका आवडायचा तो या शेवटच्या वाक्यासाठी. एवढा मोठा माणूस, एवढं मोठं मशिन, आणि तिनं मूठ मिटली की सगळं जागच्या जागी. त्या रात्रीच्या जेवणात मात्र तिनं सगळं तोंडानं सांगितलं, मोठ्यानं, काचांपासून तांदळांपर्यंत. सांगताना ती त्यांच्या ताटाकडं बघत होती. आण्णांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि आई वाढायला आली तेव्हा मूठ मिटली.

"तुझी पुस्तकं काय म्हनत्यात?" त्यांनी विचारलं.

"पावसाआधी उतरवावा."

"अन् तू?"

"मी पण तेच म्हणते, आण्णा."

आण्णांनी ताट पुढं सरकवलं. मग बोलले ते तिच्याशी नव्हे, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखं. या जिल्ह्यात किती टेकड्या खणल्या त्याची गणती नाही, म्हणाले, एकीचंही नाव माहीत नाही. ठेकेदार आकडा सांगायचा, आपण खणायचं. परत त्या रस्त्यानं गेलं तर काय होतं तिथं तेही आठवत नाही. तेवढी एकच उभी आहे. "म्हातारपनी तुझ्या पोराबाळांला दावली आसती," ते म्हणाले, आणि आवाज इतका साधा होता की राजनंदिनीला आपला अभ्यासक्रम, त्या काचा, मॅडमची शाबासकी, सगळं उचलून कुठंतरी फेकून द्यावंसं वाटलं. तिला त्यांची दया आली आणि दया आल्याचा राग आला. जमीन परत द्यायला शिकलो आपण, आणि पहिल्यांदा घेतोय ती बापाकडची एवढीशी जागा. तिनं तसं म्हणायला तोंड उघडलं, पण आधी आई बोलली. ती सहसा या विषयांत पडत नसे. ताटं गोळा करता करता, वर न बघता ती म्हणाली, "खाली मान्सं बसत्यात म्हनं. पडला अन् कुनी दबलं, तर रिक्षावाले त्येबी तुमच्याच नावानं सांगतील." आण्णा उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना, चपला घालून झाल्यावर, दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "इशारा कोन देनार?" तेव्हा तिला कळलं की ते करणार आहेत.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या असं तिला नंतर वाटलं, पण तेव्हा एकेक दिवस जात नव्हता. खांब पावसाआधी उतरवावा, हे प्रबंधाचं शेवटचं वाक्य तिनं लिहिलं, मॅडमनी ते जिल्ह्याच्या कचेरीत पोचवलं, थांबा हलला, दोऱ्या लागल्या. ठेकेदाराकडून मशिन आलं तेव्हा कळलं की दुसरा कुठलाही ऑपरेटर त्या खांबाला हात लावायला तयार नव्हता, म्हणजे तांदूळ नसते पडले तरी आण्णांनाच यावं लागलं असतं. खांब खालून खणता येत नाही, अंगावर येतो. म्हणून आण्णांनी आधी खाणीतलाच पडका मुरूम ओढून खांबाच्या पूर्वेला एक उतरता भराव रचला, मशिन वर चढेल असा. काही दिवस ते नुसते भरत होते. खणायच्या मशिननं त्यांना इतका वेळ भरताना तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि भरावावरून बकेटची पाठ फिरवून माती थोपटताना ते एवढे हळू का होत होते ते तिला विचारवेना. उतरवायच्या सकाळी अख्खा पाडा जमला. आण्णा चपला काढून कोरलेल्या उतारानं पायी वर गेले. बराच वेळ दिसले नाहीत. मग टॉवेलात गुंडाळलेला वाघोबा छातीशी धरून, पाय चाचपत, एकेक पाऊल आडवं टाकत खाली आले. टेकड्या उचलून गाड्यांत भरलेला माणूस एका दगडाच्या ओझ्यानं घामाघूम झाला होता. बुधानं सांगितलं तिथं, पाड्याच्या वाटेवरच्या आंब्याखाली, त्यांनी तो ठेवला. जिवली पुढं झाली, दगडाला टेकून खाली बसली, पाय लांब केले आणि शेंदरावरून हात फिरवत म्हणाली, "आता कसा हाताशी आला." आण्णांकडं तिनं बघितलं नाही, पण पाण्याचा तांब्या त्यांच्या बाजूला सरकवला.

इशारा देणारा माणूस पाड्यातलाच होता, विपुल, एरवी ठेकेदाराकडं हेच काम करणारा. तो म्हणाला की बाकी काहीही सांगा, पण त्या जागेवर हात दाखवून पाडा असं मी म्हणणार नाही. देव उतरला असला तरी नाही. दुसरं कुणी पुढं येईना. आण्णा केबिनमध्ये चढून बसले होते. त्यांनी काच वर केली, बाहेर डोकं काढलं आणि सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "नंदू देईल."

म्हणून ती आता पश्चिमेला, दोरीच्या आत पण खांबाच्या उंचीहून लांब, त्यांना ती दिसेल आणि त्यांना न दिसणारी भेगेकडची कड तिला दिसेल अशा जागी उभी होती. डोक्यावर ठेकेदाराचं पिवळं शिरस्त्राण होतं, ते मोठं होत होतं. हात वर आणि मूठ मिटलेली. मशिन सुरू होतं, बकेट खांबाच्या माथ्याच्या वर थांबलेली, बेहड्याची कोवळी पानं इंजिनाच्या वाऱ्यानं हलत होती. त्या झाडाचं काही करता आलं नव्हतं. आराखड्यात त्याच्याबद्दल दोन ओळी होत्या आणि त्या तिला आता पाठ येत होत्या. केबिनच्या काचेतून आण्णा खांबाकडं बघतच नव्हते, ते तिच्या हाताकडं बघत होते. इतक्या लांबूनही तिला कळलं की चेहऱ्यावर राग नाही, दुःखही नाही, फक्त वाट बघणं आहे, लहानपणी बाहुल्या उचलताना असायचं तसंच. ती मूठ मिटून ठेवेल तोवर ते थांबणार होते. दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत, पाऊस येईपर्यंतसुद्धा. का म्हणून विचारणार नव्हते. आपल्या मुठीत बापाची तेवढीच एक जागा धरलेली आहे आणि ती आपणच सोडायची आहे, हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की हात दुखायला लागला. मागं कुणी खोकलं. तिनं मूठ उघडली, तळवा खाली केला आणि दाखवलं: हळू, वरून, थोडंच. बकेट टेकली. मुरमाचा पहिला लोट कोरडा, जवळजवळ आवाज न करता सुटला आणि तिच्या चपलांपर्यंत धूळ आली. तिनं डोळे मिटले नाहीत, कारण ते तिच्याच डोळ्यांनी बघत होते. दोरीपलीकडं, रस्त्याच्या वळणावर थांबा हलवला होता तिथून, कुणीतरी रिक्षा भरत होतं आणि घसा ताणून ओरडत होतं, ऑपरेटर खांब, ऑपरेटर खांब, चलो एक सीट.